एमओटी चाचणीविरुद्धचे अपील

ब्रिटनमध्ये रस्तायोग्यतेच्या वार्षिक चाचणीत (एमओटी) गाडी नापास झाल्यास निकालाविरुद्ध दाद मागण्याची मालकाला असलेली कायदेशीर सोय. ही चाचणी १९६० साली, अर्नेस्ट मार्पल्स परिवहनमंत्री असताना सुरू झाली. तेव्हा दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंग एवढेच तपासत. १९६७ पासून तीन वर्षांच्या गाडीलाही ती लागू झाली.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये चाचणी मुख्यतः परवानाधारक खाजगी गॅरेजांत होते आणि यांतील पुष्कळ गॅरेजे दुरुस्तीही करतात. दोष काढणारा आणि तो दुरुस्त करून पैसे घेणारा एकच असू शकतो, म्हणून अपिलाची सोय अत्यावश्यक ठरते. उत्तर आयर्लंडमध्ये चाचणी सरकारी केंद्रांत होते. तेथे हा हितसंबंध उद्भवत नाही.

निकालाबद्दल आधी चाचणी केंद्राशीच बोलायचे असते. समाधान न झाल्यास ‘व्हीटी १७’ हा अर्ज चाचणीपासून कामाच्या १४ दिवसांत चालक व वाहन मानक संस्थेकडे (डीव्हीएसए) पाठवावा लागतो. संस्थेने फेरतपासणी मान्य केली तर पूर्ण शुल्क पुन्हा भरावे लागते. मोटारीसाठी त्याची कमाल मर्यादा ५४.८५ पौंड आहे. अपील मान्य झाल्यास शुल्क पूर्ण किंवा अंशतः परत मिळते.

सर्वांत महत्त्वाची अट अशी, की निर्णय होईपर्यंत गाडीची दुरुस्ती करायची नाही. वादग्रस्त भाग बदलला की मूळ निकाल बरोबर होता की चूक, हे ठरवायला काही उरत नाही. सामान्य मालकाची कोंडी इथेच होते. ज्याला रोज कामावर गाडीनेच जावे लागते, तो पटत नसतानाही दुरुस्तीचे पैसे भरून मोकळा होतो. शिवाय २०१८ पासून लागू झालेल्या वर्गवारीत दोष ‘धोकादायक’ ठरला, तर ती गाडी रस्त्यावर आणणे हाच गुन्हा आहे.

सदोष गाडी पास केल्याबद्दलही तक्रार करता येते. त्यासाठी मुदत २८ दिवस, गंजाच्या बाबतीत तीन महिने. या फेरतपासणीला शुल्क नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला हा मोठा आधार आहे.

भारतात ट्रक, बस, टॅक्सी यांचे पासिंग नाकारले गेल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५७ नुसार, आदेशाची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. निर्णयापूर्वी अपीलकर्ता आणि नोंदणी अधिकारी या दोघांनाही म्हणणे मांडू देणे बंधनकारक आहे.