उरले 21 दिवस, उरले 15 तास

उरले 21 दिवस. पांढुर्णा-सौंसर भागातली मूळची गाय गौळाऊ. दूध बेताचं, म्हणून व्याल्यावर दुग्धज्वराने, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटून, कोसळण्याचा घोर तिला सहसा नसे. आता दावणीला संकरित जर्सी आहे, तिसऱ्या वेताची. कोणाच्याही गोठ्यात दिसेल अशी. आटवलेल्या या गाभण गाईपुढे मालक कौतुकाने लसूणघास टाकतो, वरून कॅल्शियमची बाटली पाजतो. घात इथेच होतो. कॅल्शियम आयतं मिळत राहिलं की पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावतात आणि हाडांतला साठा मोकळा करायची यंत्रणा झोपते. घासातल्या पोटॅशियममुळे तर ग्रंथींनी हाक दिली तरी हाडं दाद देत नाहीत. या दिवसांत भर कुटार-कडब्यावर हवा, सोबत बेताची ढेप, मॅग्नेशियम आणि डॉक्टरांनी सांगितले तर ॲनायोनिक क्षार. बाटली बंद.

संध्याकाळी 6, उरले 15 तास. गाय व्याली, कालवड झाली. घर खूश.

रात्री 8. कास शेवटच्या धारेपर्यंत पिळून काढली. कालवडीला पहिल्या दोन तासांत पोटभर चीक हवाच, त्यात वाद नाही. पण उरलेला सगळा काढून आळीभर खरवसासाठी वाटायची हौस गाईला महागात पडते. 10 लिटर चिकातून 20 ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं. गाईच्या रक्तात ते एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम असतं. तूट हाडांनी आणि आतड्यांनी भरायची, तर ती तीन आठवडे निजलेली. बाटलीची खरी वेळ ही, गाय उभी आणि नीट गिळत असताना. पण बाटली कधीच संपली.

पहाटे 3, उरले 6 तास. मागचे पाय डुलतात, कातडी थरथरते, दात करकरतात. गोठ्यात कोणी नाही.

पहाटे 5. गाय बसली आहे. मान वळवून कुशीवर टेकवलेली, नाकपुडी कोरडी, कान गार, शेण नाही.

"थकली असंन, आराम करून राहिली."

या एका वाक्यापायी दोन तास गेले.

सकाळी 7. कोणीतरी पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा 1962 नंबर लावला. कोणी तांब्याभर गूळपाणी आणलं, ते पाजू नये; गिळता न आल्याने फुफ्फुसात उतरतं. करू नये असा आणखी एक जुना उपाय आहे: डेन्मार्कच्या श्मिट या पशुवैद्याने 1897 मध्ये कासेत पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण भरून अशा गाई वाचवल्या. पुढे नुसती हवा भरूनही गाई उठू लागल्या. कास तट्ट फुगली की दूध उतरणं थांबतं, त्यासोबत कॅल्शियमची गळतीही. पण हे कारण तेव्हा कोणालाच उमगलं नव्हतं. आज घरी तो प्रयोग केला तर कासदाह ठरलेला.

सकाळी 9. गाय आडवी. पोट फुगलं, डोळ्याजवळ बोट नेलं तरी पापणी हलत नाही. उपचार नाही मिळाला तर आता काही तासांचा प्रश्न. डॉक्टर तिला आधी छातीवर बसवतात, बाजूला पोती लावतात. मग शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट, अगदी सावकाश, स्टेथोस्कोप हृदयावर ठेवून. घाई केली तर हेच औषध हृदय बंद पाडतं.

10 वाजून गेले. ढेकर आला, अंग थरथरलं, शेण पडलं. थोड्या वेळाने गाय धडपडत उभी राहिली. काही गाई दिवस-दोन दिवसांत पुन्हा बसतात, म्हणून निघताना डॉक्टर बजावतात: आज आणि उद्या कास रिकामी करायची नाही, निम्मंच दूध काढा. खरवस मागायला आलेल्या शेजारणीला तेवढं सांगायचं काम घरच्यांचं.