भंडाऱ्याचा पायलट आणि काठमांडूचं गायरान

आजचा एपिसोड माझ्या आत्येभावाच्या एका प्रश्नातून निघाला. पोरगा तुमसरचा. दुसऱ्या राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमधून २०० तास उडून कमर्शियल पायलट लायसन्स घेऊन आला आणि गेलं दीड वर्ष घरी बसून आहे. शिक्षणासाठी आत्याने नहराकडच्या बांध्या विकल्या, वर बँकेचं कर्ज. दिवाळीत मला म्हणाला, "दादा, नेपाळले नोकरी भेटन का गा? तिथं तं पासपोर्टबी लागत नाही म्हणतात."

मी सॉफ्टवेअरवाला. माझा कोड कुठल्या देशातल्या सर्व्हरवर चालतो याची मला कोणी झडती घेत नाही. त्यामुळे पटकन म्हणालो, "जा की!" मग रात्री वाचायला बसलो आणि कळलं की उत्तर इतकं सोपं नाही. पण एकेकाळी जवळजवळ इतकंच सोपं होतं.

सुरुवात घरापासून करू. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, १९४० साली इंग्रजांनी बांधलेली. तेव्हा ती आपल्या भंडारा जिल्ह्यातच होती. गोंदिया वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. आज तिथे मोठी वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे आणि शिकाऊ पोरं धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालत असतात. म्हणजे जिल्ह्याला विमान नवीन नाही.

आता भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपूरला चला. ३० जानेवारी १९४९ पासून तिथे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. आयडिया काय जबरदस्त होती बघा: मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांनी संध्याकाळी विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. आम्ही ज्याला 'हब अँड स्पोक' म्हणून प्रेझेंटेशनमध्ये मिरवतो, ते नागपूरच्या धावपट्टीवर कंदिलाच्या जमान्यात चालू होतं. पहिली कंपनी काही महिन्यांत थकली. त्याच वर्षी पुढे हे काम घेतलं हिमालयन एव्हिएशनने.

हे नाव लक्षात ठेवा. कारण याच कंपनीचं डाकोटा विमान २० फेब्रुवारी १९५० ला काठमांडू आणि कलकत्त्याच्या दरम्यान उडालं. काठमांडूहून झालेलं ते पहिलं चार्टर उड्डाण. तिथल्या विमानतळाचं नाव तेव्हा 'गौचर'. नाव ऐकूनच कळेल, आपल्या गावात ज्याला गायरान म्हणतो ते! गवताच्या कुरणावर विमान उतरायचं. त्या काळी काठमांडूला मोटारीचा रस्तासुद्धा नव्हता. मोटारगाड्या हमाल खांद्यावरून डोंगरापलीकडे नेत. भारतीय लष्कराने बांधलेला त्रिभुवन राजपथ झाला १९५६ मध्ये. म्हणजे तिथे विमान आधी पोचलं, रस्ता नंतर.

नोव्हेंबर १९५० मध्ये राणा राजवटीशी बिनसल्यावर राजे त्रिभुवन दिल्लीला आले, तेही भारतीय विमानानेच. १ ऑगस्ट १९५३ ला आपल्याकडे विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. हिमालयन एव्हिएशन इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळली आणि नेपाळमधल्या फेऱ्याही त्यांच्याकडेच गेल्या. एका देशाचा विमानव्यवहार शेजारच्या देशाची कंपनी चालवतेय, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही, कारण नेपाळकडे स्वतःची कंपनीच नव्हती. ती झाली १ जुलै १९५८ ला, रॉयल नेपाळ एअरलाइन्स. सुरुवात एका डाकोटाने. माझ्या मते आत्येभावाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच बदलायला लागतं. ज्या देशाकडे विमान आहे, तो आधी स्वतःच्या पोरांना कॉकपिटमध्ये बसवणार. आपणही तेच करतो.

आता पासपोर्टचा मुद्दा. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार, ये-जा यांबाबत सारखी वागणूक द्यायचं ठरलं. भंडाऱ्याचा माणूस सोनौलीच्या नाक्यावरून व्हिसाशिवाय चालत पलीकडे जाऊ शकतो. भाऊ इथवर बरोबर होता.

पण लायसन्सचं कलम वेगळ्या करारात आहे. ७ डिसेंबर १९४४ चा शिकागो करार, कलम ३२. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स वैमानिकाकडे हवं. गंमत बघा: शेपटीजवळ 'व्हीटी' लिहिलेलं भारतीय विमान घेऊन आपला पायलट रोज काठमांडूला उतरतो, त्याला नेपाळचं लायसन्स लागत नाही. पण शेजारच्याच 'नाइन एन' लिहिलेल्या विमानात बसायचं म्हटलं, तर नेपाळच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाची मान्यता पाहिजे. जमिनीवरची सीमा उघडी, आणि कॉकपिटच्या दारात मात्र नाका!

आपलं दारही असंच आहे. आपल्याकडे खासगी विमान कंपन्या वाढल्या आणि कॅप्टन कमी पडले, तेव्हा परदेशी वैमानिक आले ते 'फाटा' नावाच्या तात्पुरत्या परवानगीवर. मुदत संपली की विषय संपला. आणि अशा वेळी मागणी असते ती अनुभवी कॅप्टनची, २०० तासवाल्याची नाही.

वर नेपाळचे डोंगर वेगळेच. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब, २,८०० मीटरहून जास्त उंचीवर, एका टोकाला कडा आणि दुसऱ्या टोकाला भिंत. सपाट मुलखात शिकलेल्या पोराला तिथे पहिल्या दिवशी कोण बसवेल?

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी सत्तर वर्सं उशिरा जन्मलो." आम्ही दोघंही हसलो. मागून आत्याचा आवाज आला, "काय म्हणते रे दादा? जमते का नेपाळचं?" त्याने फोन तिच्याकडे दिला. तिला कलम ३२ कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. "तास वाढवू दे आत्या, आधी इथंच," एवढंच म्हणालो. पुढच्या आठवड्यात तो एअरबसच्या टाइप रेटिंगची फी विचारायला जातोय. बांध्या आता दोनच उरल्यात.