आजीची बाकाबाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. गल्लीबोळांत पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. तिकडे इतवारीच्या बाजूला काळी आणि पिवळी मारबत अशा बाईच्या रूपातल्या दोन पुतळ्यांची मिरवणूक निघते, मागे बडगे नावाचे पुतळे, आणि लोक ओरडत असतात की रोगराई, इडापिडा सगळी घेऊन जा गे मारबत. शेवटी हे पुतळे जाळतात. लाकडी बैलांचा हा तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केला असं शहरात सांगतात. आणि काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली त्याच रघुजींची राणी बाकाबाई, असंही सांगतात. नवऱ्याच्या नावाने लेकरांना खाऊ आणि बायकोच्या नावाने आग, तीही एकाच दिवशी.

माझ्या आजीचं सासर नागपूरच्या महाल भागातलं. मारबत पाहायला सगळा वाडा रिकामा व्हायचा, आजी तेवढी घरी बसायची. का येत नाहीस म्हणून विचारलं की म्हणायची, ‘मले नाही पाहवत बाप्पा. दरसाल म्हातारीले जाळतात.’ आजीला या गोष्टी तिच्या आजेसासूकडून मिळालेल्या. त्यामुळे तिच्या बाकाबाईत राजकारण फार कमी आणि घर फार. तह, फौज, रेसिडेंट हे शब्द तिच्या तोंडी नसायचे. कोण कुणाचा मुलगा, कुणाला गादी, कुणी कुणाला मारलं, एवढंच. मी मोठेपणी पुस्तकं वाचली, तेव्हा लक्षात आलं की भोसल्यांचा इतिहास समजायला आजीचीच वाट बरी होती.

1816 मध्ये रघुजीराजे वारले. गादीवर आला त्यांचा मुलगा परसोजी. हा आंधळा, शरीराने लुळा, कारभार करण्याजोगा नाहीच. त्याच्या नावाने राज्य चालवू पाहणाऱ्या गटाच्या मध्यभागी बाकाबाई होती. दुसऱ्या बाजूला रघुजींचा पुतण्या आप्पासाहेब. आप्पासाहेबाची सरशी झाली, ती त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह करून पक्कीही केली आणि फेब्रुवारी 1817 मध्ये परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. त्याला आप्पासाहेबाने मारवलं हे पुढे उघड झालं. आजी इथे आवाज खाली आणायची. ‘आंधळं लेकरू रे ते. त्याचा कोणाले काय त्रास होता?’

त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब इंग्रजांवर उलटला, हरला, पकडला गेला, निसटला आणि पुढची कित्येक वर्षं परागंदा राहिला. आपण त्याला स्वातंत्र्यासाठी लढलेला राजा म्हणून ओळखतो आणि त्यात खोटं काही नाही. पण बाकाबाईच्या घरात तो परसोजीचा मारेकरी होता. त्याला गादीवरून इंग्रजांनी उतरवलं. तिने त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं असेल याचं कोडं मला पडत नाही. तिच्या फितुरीचा शोध घेणाऱ्यांनी सुरुवात 1857 च्या उठावापासून केली, तिथेच घोळ झाला. परसोजीचा खून त्याच्या चाळीस वर्षं आधीची गोष्ट आहे.

1818 मध्ये गादीवर बसवला तो बाजीबा, रघुजीराजांच्या लेकीचा मुलगा, नात्याने बाकाबाईचा नातू. दत्तक घेऊन त्याचं नाव रघुजीच ठेवलं. पोर लहान, म्हणून राज्याचा कारभार इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सच्या हातात आणि वाड्यातली सत्ता बाकाबाईच्या हातात. नातू सज्ञान झाल्यावर राज्य हळूहळू त्याच्याकडे आलं. या पुढच्या काळाबद्दल माझ्या आजीकडे एकही गोष्ट नव्हती. घर सुखात असलं की गोष्टी होत नाहीत.

11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघुजी वारले. मुलगा नाही, हयातीत दत्तक घेतलेला नाही. विधवा राण्यांनी यशवंतराव अहिरराव या नात्यातल्या मुलाला पुढे केलं, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मानला नाही आणि 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. साताऱ्याचं आधीच गेलं होतं, झाशीचंही त्याच सुमारास गेलं.

आजीच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं ते याच्या पुढचं. राज्य घेतल्यावर इंग्रज वाड्यात शिरले आणि सामानाच्या याद्या करू लागले. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकायला काढले. राण्यांचे दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले. सत्तरी ओलांडलेल्या बाकाबाईने निरोप धाडला की सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन. ही कहाणी केवळ महालातल्या म्हाताऱ्यांची नाही. जॉन के या इंग्रज इतिहासकारानेही ती नोंदवली आहे, आणि राज्य घेण्यापेक्षा या विक्रीने लोक जास्त दुखावले असं त्याचं मत दिसतं. वाडा तिने पेटवला नाही. सामान गेलंच. मग तिने विलायतेला वकील धाडले, तिथेही दाद लागली नाही.

आणि तरीही 1857 मध्ये ती इंग्रजांच्या बाजूने राहिली. जूनमध्ये टाकळीच्या घोडदळातला उठावाचा बेत फुटला, म्होरक्यांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी झाली. बाकाबाईने आपल्या माणसांना बजावलं की कुणी उठायचं नाही. तिच्या शब्दाला वजन होतं, मराठा मंडळी शांत राहिली. इथे तिची बाजू घेणं मला जमत नाही. फाशी गेलेल्यांच्या घरीही म्हाताऱ्या होत्याच. पण ती काय सांभाळत होती ते दिसतं: उरलेली चार माणसं, आणि यशवंतरावाला कधीतरी मानतील ही आशा.

मारबतीचा हिशेब मात्र मला जुळत नाही. बाकाबाई 1858 मध्ये वारली. काळी मारबत निघू लागली 1881 पासून, पिवळी 1885 पासून. मधे तेवीस वर्षं. रोगराई गावाबाहेर घालवण्याचा जुनाच प्रकार असावा आणि राणीचं नाव त्याला पुढे चिकटलं असावं, असा माझा कयास. आजीला तो पटला नसता. ‘नाव कोणाचं घेतात ते पाय ना,’ म्हणाली असती.

1857 च्या निष्ठेचा मोबदला बाकाबाईच्या मरणानंतर आला. यशवंतरावाचा दत्तक मान्य झाला, जानोजी हे नाव आणि ‘देऊरचे राजे बहादूर’ हा किताब मिळाला. देऊर आहे सातारा जिल्ह्यात. नागपूर परत मिळालं नाही. आजीच्या मते सौदा फसला. माझ्याही मते.