चौदा इंजेक्शनें

पिसाळलेलें कुत्रें चावलें कीं बेंबीभोंवतीं चौदा इंजेक्शनें, हें अमरावती-अकोल्याकडील जुन्या माणसांस अजून आठवतें. मुलें सुईस भीत. वडील माणसांची भीति निराळी होती. लस घेतल्यावर क्वचित् एखाद्याचे पाय लुळे पडत, तेही कुत्र्याच्या विषानें नव्हे, औषधानें! ही अडाण्यांची समजूत म्हणून आम्ही शिकलेले लोक हसत असूं. पण ती खरी होती.

पाश्चरची लस १८८५ सालची. पुढें १९११ मध्यें कसौली येथें डेव्हिड सेंपल यानें प्राण्यांच्या मेंदूंत वाढविलेले विषाणु कार्बोलिक आम्लानें मारण्याची रीत बसविली. आपल्याकडे त्यासाठीं मेंढीचा मेंदू वापरीत. रीत सोपी व स्वस्त; तिनें असंख्य प्राण वाचविले, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. परंतु विषाणूंबरोबर मेंढीचा मेंदूही शरीरांत जाई. मज्जातंतूंवरील मायेलिन नांवाचें आवरण मेंढीचें व माणसाचें बरेंचसें सारखें असतें. त्यामुळें शरीराचे रक्षक परक्या मेंदूवर चालून जातां जातां घरच्याच मज्जेवर तुटून पडत. १९३३ सालीं टॉमस रिव्हर्स व त्याच्या सहकाऱ्यांनीं माकडांस सशाचा निरोगी मेंदू वारंवार टोंचून हेंच घडवून दाखविलें.

तरी त्याच बाटलींतील लस शेंकडोंनीं घ्यावी आणि एकानेंच लुळें पडावें, हें कां? ‘ज्याचें त्याचें नशीब’ हें आमच्याकडील ठराविक उत्तर. या नशिबाचा थोडा पत्ता १९९९ सालीं थायलंडांतील रुग्णांत लागला. आपपर ओळखण्याच्या ज्या खुणा आईबापांकडून आपल्या पेशींवर येतात, त्या एचएलए खुणांचे कांहीं प्रकार त्यांच्यांत अधिक आढळले. मल्टिपल स्क्लेरोसिस हाही मज्जेवरील अशाच घरभेदाचा रोग. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजांत तो इतर भारतीयांपेक्षां अधिक दिसतो, यांतही वंशाचा हात असावा. मात्र वारसा म्हणजे वाळलेलें गवत. ठिणगी बाहेरून यावी लागते. अमेरिकन सैनिकांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून २०२२ सालीं असें दिसलें कीं, एप्स्टीन-बार विषाणूची बाधा झाल्यावर हा रोग होण्याचा संभव सुमारें ३२ पटींनीं वाढतो. पण हा विषाणु तर बहुतेक सर्वांच्याच अंगीं असतो! म्हणजे प्रश्न फिरून घराण्याशींच येतो.

मेंढीच्या मेंदूची लस भारतांत २००५ च्या सुमारास बंद झाली. आतांची लस पेशींवर वाढवितात. तींत मेंदूचा अंश नसतो, आणि दंडांत चार-पांच वेळां टोंचून काम भागतें. आमच्याकडील आजीबाई मात्र अजून ‘चौदा’च म्हणतात.