चिनी मातीचा चमचा

रायपूर शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, महानदीच्या तीरी, सिरपूर नावाचे गाव आहे. प्राचीन काळी ही दक्षिण कोसलाची राजधानी होती आणि तिचे नाव श्रीपूर होते. १९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञांनी येथे उत्खनन केले व आनंदप्रभू या भिक्षूने उभारलेला बौद्ध विहार उजेडात आणला. सिरपूरची सुंदर धातुशिल्पे आज रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात पाहावयास मिळतात. त्याच उत्खननात एक लहानशी वस्तू सापडली. ती म्हणजे थांग राजवटीतील, मध्यभागी चौकोनी छिद्र असलेले एक चिनी नाणे.

चीनचे नाणे अशा प्रकारे महानदीपर्यंत येऊन पोहोचले होते. ज्या शतकांत ते पाडले गेले, त्याच शतकांत चीनमधील भट्ट्यांतून शुभ्र, काचेरी अंगाची भांडी निघू लागली होती. मग ती भांडी, आणि त्यांतही चमचा, आपल्या जेवणाच्या पंक्तीत येण्यास हजार वर्षांहून अधिक काळ का लागावा? अंतर हे त्याचे कारण नव्हे. ते शोधावयाचे तर भांड्याच्या शुद्धाशुद्धतेविषयीच्या आपल्या कल्पनांकडे वळावे लागते.

सुदैवाने या कल्पनांचे साक्षीदार स्वतः चिनी प्रवासीच आहेत. सातव्या शतकात ह्युएन त्संग कोसल देशात येऊन गेला. त्याने पाहिलेली राजधानी म्हणजे हेच सिरपूर असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. भारतीयांच्या स्वच्छतेचे वर्णन करताना तो एक मार्मिक भेद नोंदवतो. सोने, रुपे, तांबे व लोखंड यांची भांडी घासून पुन्हा वापरतात. मातीची व लाकडाची मात्र एकदा वापरली की टाकून देतात. या आचाराला व्यवहाराचा भक्कम आधार होता. साध्या भाजलेल्या मातीचे अंग सच्छिद्र असते. आमटीचा रस व तेल त्यात मुरतात आणि कितीही धुतले तरी पुरते निघत नाहीत.

त्याच्यानंतर, ६७१ मध्ये, इत्सिंग समुद्रमार्गे भारताकडे निघाला. नालंदेस त्याने दीर्घकाळ वास्तव्य केले. भारतीय लोक उजव्या हाताने जेवतात, आजारी मनुष्यास किंवा तसेच काही कारण असल्यास चमचा बाळगण्याची मुभा असते, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याने आणखी एक गोष्ट हेरली. चिनी मातीची भांडी मूळची भारतातील नव्हेत, परंतु त्यांवर झिलई असेल तर ती निःसंशय शुद्ध होत, असा त्याचा अभिप्राय होता. म्हणजे साधी माती आणि झिलईची माती यांत फरक करावयास हवा, हे तेराशे वर्षांपूर्वीच सांगितले गेले होते. आपल्या आचाराने मात्र तो फरक मानला नाही. माती ती मातीच राहिली.

चमच्याची कथा याहून थोडी निराळी आहे. चमच्यासारखी वस्तू भारतास अपरिचित नव्हती. यज्ञात तूप अर्पण करण्यासाठी लाकडाची जुहू व स्रुवा होत्या. संध्येला पळी-पंचपात्र होते, स्वयंपाकघरात डाव होता. छत्तीसगडच्या वनप्रदेशात भोपळा पोखरून केलेला तुंबा आणि पानांचा दोना होता. परंतु ही सारी साधने अन्न अग्नीत, पानात किंवा ओंजळीत नेऊन पोहोचवीत. एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या मुखात जात नसत. दोना तर वापरून फेकूनच द्यावयाचा. उष्ट्याची कल्पना जेथे एवढी प्रबळ, तेथे तोंडात घालावयाच्या चमच्याला जागा मिळणे कठीण होते. ‘चमचा’ हा शब्दही आपल्याकडे तुर्की व फारसी भाषांच्या मार्गाने आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

चीनमध्ये उलट परिस्थिती होती. तेथील भोजनात कढत सारास मोठे स्थान. धातूचा चमचा अशा सारात लवकर तापतो आणि ओठ पोळतो. चिनी मातीतून उष्णता सावकाश वाहते, शिवाय आंबट पदार्थालाही तिची चव लागत नाही. म्हणून तेथील चमचा आखूड, जाड दांड्याचा, खोलगट आणि बुडाशी सपाट घडला. मेजावर ठेवला तरी तो कलंडत नाही.

असा चमचा हाताने करणे हे दिसते त्याहून अवघड काम आहे. केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारेची पूड यांचे हे मिश्रण. कुंभाराच्या नेहमीच्या मातीइतके ते चिवट नसते, वाकवताना चिरते. साच्यावर दाबून किंवा बोटांनी चिमटीत घडवून ते हळूहळू वाळवावे लागते. सुमारे १३०० अंशांच्या आचेत ते काचेसारखे एकजीव होते, त्याच वेळी मऊही पडते. तेव्हा लांब दांडा आपल्याच भाराने वाकतो. झिलई वितळून भट्टीतील फळीला चिकटू नये म्हणून चमच्याच्या बुडाचा थोडा भाग कोराच ठेवतात. युरोपला हे रहस्य उलगडण्यास अठरावे शतक उजाडावे लागले. जर्मनीतील माइसेन येथे १७१० मध्ये कारखाना निघाला. छत्तीसगडच्या घरांनाही पांढऱ्या मातीचे प्रेम होते. तेथे ‘छुही’ म्हणून ती भिंतींना लावीत.

मराठी घरात चिनी माती शिरली ती दोन वाटांनी. एक वाट लोणच्याच्या बरणीची. मीठ आणि आंबटपणा यांनी तांब्या-पितळेची भांडी कळकतात, तेव्हा सोवळ्याच्या घरानेही बरणी पत्करली. दुसरी वाट चहाच्या कपबशीची, आणि ती अधिक वादाची. कित्येक कर्मठ घरांत कपबशी स्वयंपाकघराबाहेर ठेवीत. म्हणजे लोणच्याला चालणारी तीच माती ओठाला लावण्यास चालत नव्हती! १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घ्यावी लागली. तेथे आक्षेप चहा देणाऱ्या हातावर होता. भांडे शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्न मुळात मातीच्या छिद्रांचा. तो केव्हाच माणसाच्या जातीधर्माचा होऊन बसला होता.

त्याचे अत्यंत कठोर रूप चहाच्या दुकानांत दिसले. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकासाठी वेगळी कपबशी ठेवण्यात येई, आणि ती त्यानेच विसळून ठेवावयाची असे. झिलईचे भांडे धुतल्याने पूर्ण स्वच्छ होते, ही गोष्ट दुकानदारास ठाऊक नव्हती असे नाही. इतर सर्वांची भांडी तो धूतच होता. अखेर भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने सार्वजनिक उपाहारगृहांत सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास मज्जाव करणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला. १९७६ च्या दुरुस्तीने हाच कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. कपबशीचा उल्लेख राष्ट्राच्या कायद्यात भांडे म्हणून यावा लागला, यावरून त्या रूढीची मुळे किती खोल गेली होती याची कल्पना येते. कायद्यानंतरही काही गावांत ती रूढी मागल्या दाराने टिकून राहिली.

आज हाताने घडवलेले चिनी मातीचे चमचे शहरांतील शोभिवंत मेजांवर मांडले जातात. मीठ, साखर, लोणचे यांसाठी ते विशेष सोयीचे असतात. दोन चमचे कधी अगदी एकसारखे नसतात, कारागिराच्या बोटाचा ठसा कोठेतरी उमटलेला असतो, आणि त्यासाठी रसिक अधिक किंमतही मोजतात. ते कौतुक योग्यच आहे. तथापि या चमच्याचा खरा गुण त्याच्या घाटाइतकाच त्याच्या अंगात आहे: त्यात काही मुरत नाही. एकाने वापरावा, धुवावा आणि दुसऱ्याने निःशंक मनाने उचलावा, अशीच त्याची घडण आहे. इत्सिंगला हे सातव्या शतकात कळले होते. ते आपल्या पंक्तीच्या अंगवळणी कितपत पडले आहे, हे चमचा कोणाच्या हातात निःसंकोच दिला जातो यावरून ओळखावे.