माओरींची रुग्णशय्या

न्यूझीलंडमध्यें १९०७ च्या कायद्यानें माओरींच्या ‘तोहुंगा’ वैद्यांची उपचारविद्या दंडनीय ठरली. १९६२ सालीं तो कायदा गेला. रुग्णालयांतील परकेपणा मात्र राहिला. माओरींना मस्तक पवित्र. डोक्याची उशी पायांखालीं गेली कीं रोगी मनांतून दुखावतो, आणि दुखावलेला रोगी पुन्हां फिरकेलच असें नाहीं. १९८८ सालीं एका माओरी विद्यार्थिनीनें विचारलें कीं, परिचारिकांस कायद्याची व नीतीची सुरक्षितता शिकवितात, मग संस्कृतीच्या सुरक्षिततेचें काय? इरिहापेती रॅम्सडेन ह्या माओरी परिचारिकेनें तो प्रश्न तडीस नेला; १९९२ सालीं परिचर्या-शिक्षणांत त्यास स्थान मिळालें. सेवा निर्धोक होती कीं नाहीं, हें देणाऱ्यानें नव्हे, घेणाऱ्यानें ठरवावयाचें, हें त्याचें मर्म. १८४० च्या वायतांगी तहांतील वचन अशा रीतीनें रुग्णशय्येपर्यंत पोहोंचलें.