समुद्रपुष्पांची जनुकीय ओळख

समुद्रपुष्प हे फूल नव्हे, प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिशच्या कुळातला हा जीव खडकाला किंवा चिखलाला चिकटून राहतो आणि दंशपेशींनी भरलेल्या स्पर्शकांनी भक्ष्य पकडतो. रंग व आकार परिस्थितीनुसार बदलत असल्याने केवळ डोळ्यांनी त्याची प्रजाती ठरविणे अनेकदा फसवे ठरते. येथे जनुकीय तपासणी निर्णायक ठरते.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील ‘अँथोप्लुरा एलिगँटिसिमा’ हे याचे ठळक उदाहरण. हा प्राणी स्वतःचे दोन भाग करून वाढतो. त्यामुळे एका खडकावरील शेकडो समुद्रपुष्पे जनुकीयदृष्ट्या एकच, म्हणजे क्लोन असतात. दोन क्लोन समोरासमोर आले की ते एकमेकांना दंश करतात आणि त्यांच्या सीमेवर मोकळा पट्टा उरतो. आपल्या क्लोनवर मात्र ते हल्ला करीत नाहीत. याच किनाऱ्यावर एकेकटी राहणारी, न विभागणारी मोठी समुद्रपुष्पे पूर्वी याच प्रजातीचा एक प्रकार मानली जात. जनुकीय पुरावे हाती आल्यावर २००० साली ‘अँथोप्लुरा सोला’ ही स्वतंत्र प्रजाती म्हणून तिचे वर्णन झाले.

ही तपासणी सोपी नाही. बहुतेक प्राण्यांत मायटोकाँड्रियातील डीएनए वेगाने बदलतो, म्हणून प्रजाती ओळखण्यास तो उपयोगी पडतो. समुद्रपुष्पे व प्रवाळांत तो अत्यंत संथ बदलतो. दोन निकटच्या प्रजातींत तो जवळजवळ सारखाच आढळू शकतो. त्यामुळे पेशीकेंद्रातील डीएनएचा आधार घ्यावा लागतो.

खाजणांतील मचूळ पाण्यात राहणाऱ्या चिमुकल्या ‘निमॅटोस्टेला व्हेक्टेन्सिस’ची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. १९३५ साली स्टीफन्सन यांनी तिचे वर्णन केले. इंग्लंडजवळच्या वाइट बेटाच्या ‘व्हेक्टिस’ या रोमन नावावरून तिचे नाव पडले. ब्रिटनने १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली तिला संरक्षण दिले. आंतरराष्ट्रीय लाल यादीतही ‘असुरक्षित’ अशी तिची नोंद झाली. २००७ साली तिचा जीनोम प्रसिद्ध झाला. सुमारे ४५ कोटी आधारजोड्या आणि १८ हजारांच्या आसपास जनुके असलेल्या या साध्या प्राण्याची जनुकरचना फळमाशीपेक्षा पृष्ठवंशी प्राण्यांशी अधिक जुळणारी निघाली.

निरनिराळ्या ठिकाणच्या समूहांची तुलना केल्यावर मात्र चित्र पालटले. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर या समूहांमध्ये मोठी जनुकीय विविधता आढळली. एका खाडीतील समूह दुसरीतील समूहापेक्षा स्पष्ट वेगळा होता. इंग्लंडमध्ये याउलट एकच क्लोन अनेक ठिकाणी पसरलेला दिसला आणि तपासलेल्या प्राण्यांत माद्याच होत्या. २००८ सालच्या एका अभ्यासातून ही प्रजाती मूळची अटलांटिक किनाऱ्यावरील अमेरिकेची असून इंग्लंडमध्ये व पॅसिफिक किनाऱ्यावर माणसाच्या हालचालींबरोबर पोहोचली, असा निष्कर्ष निघाला. ज्या देशाने तिला दुर्मीळ ठेवा म्हणून जपले, तेथे ती पाहुणी ठरली.

प्रश्न केवळ नावाचा नाही. एकाच क्लोनच्या समूहावर रोग किंवा तापमानबदलाचे संकट आले, तर तोंड देणारे वेगळे जनुकीय रूप त्यात नसते. ती विविधता मूळ प्रदेशातील खाजणांत आहे. म्हणूनच संरक्षणासाठी किती समुद्रपुष्पे आहेत, एवढेच मोजून भागत नाही. त्यांत जनुकीयदृष्ट्या वेगळी किती, हेही पाहावे लागते.